व्हिक्टोरियन झग्यांवरची फुलांची नक्षी : आखणी, दोरे, टाके आणि कुठे काय बिघडतं

सुईदोरा

व्हिक्टोरियन भरतकामाचा विषय निघाला की पहिला प्रश्न गुलाबाचा येतो. कोणता टाका, किती छटा, दोरा किती पदरी. या चर्चेत मी मुद्दाम दुसऱ्या टोकाने सुरुवात करतेय. त्या झग्यांवर फूल कुठे बसतं, केवढं असतं आणि कुठल्या बाजूला झुकतं, हे आधी कापडाचा पन्हा (रुंदी) आणि झग्याची बेतणी ठरवते. टाका त्यानंतर. सुंदर भरलेला गुलाब चुकीच्या जागी बसला, तर झगा त्या काळातला वाटतच नाही.

व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. एवढ्या वर्षांत झग्याचा आकार चार-पाच वेळा पार बदलला. त्यामुळे 'व्हिक्टोरियन नक्षी' अशी एकच नक्षी नाही. दशक कुठलं ते आधी ठरवा.

१८४० आणि ५० च्या दशकांत खालचा घेर सरळ पन्हे एकमेकांना जोडून केलेला असे आणि कमरेला बारीक चुण्या घालून गोळा केलेला असे. रेशमी कापडाचा पन्हा तेव्हा साधारण ५० ते ५५ सेंटिमीटर. म्हणजे साडेचार मीटर घेराला आठ-नऊ पन्हे लागणार. पन्हे सरळ असल्यामुळे खालची कड विणीच्या आडव्या धाग्याला समांतर राहते, आणि वेलबुट्टीची किनार पट्टी लावून सरळ आखता येते. १८५० च्या दशकात याच घेरावर एकाखाली एक झालरी आल्या. झालरीच्या मापाची किनार विणून, छापून किंवा भरून तयार असलेलं कापडच बाजारात मिळे. फ्रेंच नावाने त्याला 'आ दिस्पोझिस्यों' म्हणत. फुलं प्रत्येक झालरीच्या खालच्या कडेला दाट असतात आणि वर विरळ होत जातात.

१८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचं, म्हणजे घेर फुगवून धरणाऱ्या आतल्या सांगाड्याचं, पेटंट निघालं आणि घेर आणखी फुगला. १८६० च्या दशकात कापड वाचवायला आणि कंबर सपाट दिसायला कळ्या आल्या, आपल्या कळीदार घागऱ्यासारख्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कळीची खालची कड सरळ नसते, कमानीसारखी असते. तिच्यावर पट्टी लावून सरळ किनार आखली, तर मध्यावर ती कडेपासून ८ सेंटिमीटर वर राहते आणि दोन्ही बाजूंना कडेच्या जवळ सरकते. कळ्या जोडल्या की प्रत्येक शिवणीपाशी नक्षी खाली उतरून टोक करते. म्हणून कळीवर आखताना खालच्या कडेपासून दर ५ सेंटिमीटरवर तेच अंतर मोजून ठिपके द्या आणि ठिपके जोडून वक्ररेषा काढा. फुलाचा देठही त्या रेषेशी काटकोनात फिरवायचा.

किनार अगदी कडेला टेकवू नका. ते झगे जमिनीला घासत. आतून रुंद पट्टी आणि कडेला लोकरीची गोट लावत ती त्यासाठीच. नक्षीचं सर्वांत खालचं पान कडेपासून निदान ६ सेंटिमीटर वर हवं.

नेपथ्य

छान सुरुवात, ताई. नाटकाच्या पोशाखासाठी विचारतोय. काळ १८५५ च्या आसपासचा. आता ५० सेंटिमीटर पन्ह्याचं रेशीम मिळत नाही, ४४ इंची मिळतं. नक्षीची पुनरावृत्ती कशी बसवायची? आणि दोरा किती घ्यायचा याचा अंदाज कसा काढता?

सुईदोरा

४४ इंच म्हणजे साधारण ११२ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर शिवणीत गेले की १०९ उरतात. चार पन्हे जोडले की घेर ४३६ सेंटिमीटर. एका पन्ह्यात चार फांद्या बसवल्या तर एकेक फांदी २७.२५ सेंटिमीटरची, एकूण १६. हा हिशेब पन्ह्याला पूर्ण भाग जाणारा असायलाच हवा. तीस सेंटिमीटरची नक्षी आवडली म्हणून तशीच आखत गेलात तर शेवटच्या शिवणीवर अर्धा गुलाब लटकतो.

त्या काळचा तोल हवा असेल तर शिवण दोन फांद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊ द्या. पुढच्या मध्यापासून डावीकडच्या आठ फांद्या डावीकडे झुकलेल्या, उजवीकडच्या आठ उजवीकडे, म्हणजे आरशातल्यासारख्या. मागे त्या एकमेकींना भेटतात तिथे फुलाची एखादी कळी वाढवून जागा भरून काढायची. बॉडिसवर, म्हणजे झग्याच्या कमरेवरच्या भागावर, तीच फुलं घ्या, पण खालच्या फुलाच्या निम्म्या मापाची. गळ्याशी आणि खालच्या फेरात एकाच मापाची फुलं घातली तर अंग आखूड दिसतं.

दोऱ्यासाठी अंदाजपंचे नको. एक फांदी चिंधीवर पूर्ण भरा आणि प्रत्येक छटेचा किती दोरा गेला ते मोजत राहा. अँकरची सुती लडी ८ मीटरची, सहा पदरी. एक पदर काढून भरलं तर ४८ मीटर होतात. समजा मधल्या गुलाबी छटेचा एका फांदीला ९ मीटर पदर गेला. सोळा फांद्यांना १४४, म्हणजे बरोबर तीन लड्या. बॉडिस आणि बाह्यांसाठी एक, उसवून पुन्हा भरण्यासाठी एक. पाच लड्या एकदमच घ्या, कारण रंगाचा घाणा बदलला की तोच क्रमांक असूनही छटा किंचित वेगळी येते आणि रंगमंचाच्या दिव्यात ती जास्तच दिसते.

जुनी_पेटी

नमुने शोधताना एक सावधगिरी. संग्रहालयांच्या छायाचित्रांत भरतकाम समजून आपण ज्याची नक्कल करतो, त्यातलं बरंचसं विणकाम असतं. फ्रान्समधल्या ल्योंच्या मागावर फुलं अशी विणत की समोरून भरलेलीच वाटावीत. ओळखायचं ते उलट्या बाजूने. विणलेल्या फुलामागचे रंगीत धागे आडवे, एकमेकांना समांतर धावतात. भरलेल्या फुलामागे धागे फुलाच्या आकाराप्रमाणे फिरतात, मध्येच एखादी गाठ किंवा एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेलेला दोरा दिसतो.

दुसरं, भरलेलं म्हणजे हाताने भरलेलंच असंही नाही. योशुआ हाइलमानने १८२८ मध्ये म्यूलूजला भरतयंत्र तयार केलं. त्याच्या सुईला दोन्हीकडे टोक आणि नेढं मध्यभागी, त्यामुळे उलटी बाजूही हातकामासारखीच दिसते. त्याची खूण म्हणजे चूकही हुबेहूब पुन्हा येते: तिसऱ्या पाकळीचा एक टाका बाहेर गेला असेल, तर पुढच्या प्रत्येक फुलात तो तिथेच बाहेर जातो. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने शिफली यंत्र आणलं. ते शिलाई मशिनीसारखं दोन दोऱ्यांवर चालतं, मागे बॉबिनचा वेगळा दोरा सापडतो. आणि १८६५ नंतरचं बोनाझचं यंत्र साखळी टाका घालतं. शेवटचं टोक सुटलं की ओढताच पूर्ण वेल उसवत जाते.

यातलं काहीही कमअस्सल नाही. पण यंत्रावर निघालेली नक्षी हाताने भरायला घेतली की ती उगाच कोरडी वाटते, कारण तिची आखणी यंत्राच्या सोयीने झालेली असते.

बकुळफुले

कुठल्या दशकात कोणती फुलं, हे इथे एकत्र असावं म्हणून लिहिते.

१८४० ते ५० : पूर्ण उमललेला गुलाब, मॉस गुलाब (कळीवर शेवाळासारखी लव असलेला), पॅन्सी, फर्गेट-मी-नॉट, लिली ऑफ द व्हॅली, आणि वेल म्हणून आयव्ही. फुलं गुच्छात किंवा हाराच्या लोंबत्या कमानींत. लोंबता फ्यूशिया त्या काळात फार आवडता, कारण झालरीच्या कडेला त्याची फुलं आपोआप खाली लटकतात, आखणी सोपी होते. मग नेच्यांचं (फर्नचं) वेड आलं. या वेडाला 'टेरिडोमेनिया' हे नाव चार्ल्स किंग्जलेने १८५५ मध्ये दिलं. नेच्याचं पान भरायला सोपं आणि कुठेही वळवता येणारं, म्हणून ते फुलांच्या मागे भरणीला येऊन बसलं.

१८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात जपानी वस्तू मोठ्या प्रमाणात मांडल्या गेल्या. त्यानंतर फुलांची मांडणी हळूहळू बदलली: एकाच बाजूने वर जाणारी फांदी, शेवंती, चेरीचा बहर, मोकळी सोडलेली पार्श्वभूमी. १८७० च्या पुढे सौंदर्यवादी मंडळींचं सूर्यफूल आणि उभी लिली आली, रंग मळकट हिरवे, गंजासारखे, जुन्या सोन्यासारखे. १८९० च्या दशकात खालचा घेर पुन्हा साधा कळीदार झाला, आणि लांब देठाचे आयरिस किंवा खसखशीची फुलं खालून उगवल्यासारखी वर चढू लागली.

एका झग्यावर मॉस गुलाब आणि जपानी शेवंती एकत्र घेऊ नका. दोघांची दशकंच वेगळी.

निळी_लड

बर्लिन वुलवर्कचे चौकोनी कागदावरचे रंगीत नमुने भरपूर मिळतात. गुलाबही सुंदर आहेत. ते थेट झग्यावर क्रॉस स्टिचने घेतले तर?

बकुळफुले

नको. ते नमुने उशा, खुर्च्यांची बैठक, सपाता, पडदे यांच्यासाठी होते. बर्लिनहून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते छापून येत आणि कॅनव्हासवर लोकरीने भरले जात, आपण मॅटीवर भरतो तसे घर मोजून. झग्याचं रेशीम मोजता येत नाही, आणि लोकरीचं ओझं चुण्यांना पेलत नाही. त्या नमुन्यातून छटांचा क्रम मात्र जरूर घ्या. गुलाबाच्या पाकळीत गडद कुठे संपतो आणि फिकट कुठे सुरू होतो ते तिथे चौकोनागणिक मोजून मिळतं.

जुनी_पेटी

पांढऱ्या कामाचं कुणी लिहिलं नाही अजून. रेशमी झगा धुतला जात नसे. म्हणून अंगाला लागणारा भाग, म्हणजे कॉलर, कफ आणि १८५० च्या रुंद बाह्यांखालची खोटी बाही, सुती आणि सुटी असे. काढायची, धुवायची, पुन्हा टाचायची. या सुट्या भागांवर पांढऱ्यावर पांढरं भरतकाम. बारीक आणि नाजूक ते स्कॉटलंडच्या एअरशायरचं, मलमलीवरचं. जास्त ठसठशीत ते ब्रॉडरी आंग्लेझ, छिद्रांचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, कापूस महागला आणि एअरशायरचं काम उतरणीला लागलं.

ब्रॉडरी आंग्लेझचं पान करायचं तर असं. पानाच्या रेषेवर बारीक धावदोरा दोनदा घाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीच्या मोकळ्या जागा भरून काढा. मग पानाच्या लांबीत एक आणि आडवा एक असा कात्रीने छेद द्या. धावदोऱ्याच्या एक-दोन धागे अलीकडे थांबा. चारही पाकळ्या सुईच्या टोकाने मागे वळवा आणि घडीवरून जवळजवळ टाके घेत कड बांधा. मागे उरलेलं कापड शेवटी कापा, आधी नाही. गोल छिद्र ४ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर कापायचं नाही, टोच्याने भोक पाडून धागे बाजूला सारायचे.

पहिल्या धुण्यात छिद्र फाटलं तर दोनच कारणं: छेद धावदोऱ्यापर्यंत गेला, किंवा धावदोऱ्याच्या एकाच फेरीवर भागवलं. हे काम घट्ट विणीच्या सुती कापडावर करा. विरळ मलमलीवर छिद्राची कड सरकते.

सुईदोरा

आता गुलाब. ५ सेंटिमीटरचा गुलाब, रेशमावर, चार गुलाबी छटा आणि गाभ्यासाठी एक गडद. यापेक्षा जास्त छटा घेऊ नका. सात-आठ छटांचा गुलाब हातभर अंतरावरून धूसर गोळा दिसतो.

रेशमामागे धुऊन आटवलेली मलमल लावा, दोन्हींचे उभे धागे एका दिशेला. कच्च्या टाक्यांनी सगळीकडून जोडून मगच चौकटीवर ताणा. प्रत्येक पाकळीत पेन्सिलीने दोन-तीन बारीक दिशारेषा काढा, कडेकडून गाभ्याकडे येणाऱ्या. सगळ्या रेषा फुलाच्या मधल्या एकाच बिंदूकडे रोखलेल्या हव्यात. पाकळीची कड मुडपलेली असली तरी टाका तिकडेच पाहतो.

मागच्या पाकळ्या आधी, पुढच्या नंतर. पाकळीच्या कडेच्या रेषेवर आधी दोरा दुभंगून जाणारा टाका एक पदराने घाला. तो झाकला जाणार आहे, पण त्याच्यामुळे कड उचललेली आणि धारदार येते. मग सर्वांत फिकट छटेने पहिली ओळ: लांब टाका ९ मिलिमीटर, आखूड ६, एकाआड एक. सुई पाकळीच्या आतून वर काढायची आणि त्या दुभंगटाक्याच्या बाहेर खाली घालायची. दुसऱ्या ओळीत पुढची छटा. सुई आधीच्या टाक्याचा दोरा फोडत खालून वर येते आणि गाभ्याकडे खाली जाते. पहिल्या ओळीत साधारण एक तृतीयांश शिरायचं. लांब-आखूड हे पहिल्या ओळीपुरतंच असतं. दुसऱ्या ओळीपासून सगळे टाके जवळजवळ सारख्या लांबीचे, पण शिरायची जागा वरखाली. इथेही मोजून लांब-आखूड करत गेलात तर रंग एकमेकांत मिसळत नाहीत, पायऱ्या दिसतात.

गाभा गडद छटेने शेवटी. पाकळीखालची सावली हवी असेल तर वरची पाकळी भरून झाल्यावर तिच्या कडेलगत, खालच्या पाकळीवर, गडद रंगाचे चार-पाच एकेरी टाके घाला.

पान दोन अर्ध्यांत भरा. मधली शीर दोऱ्याने काढण्यापेक्षा रेशमाची रेघ मोकळी सोडा, जेमतेम दोऱ्याच्या जाडीची. एक अर्धं गडद, एक फिकट. देठ टाक्यात दोरा नेहमी सुईच्या एकाच बाजूला ठेवा. वळणावर बाजू बदलली की देठ तुटल्यासारखा दिसतो. मॉस गुलाबाच्या निदलावरची लव शेनीलने (मखमलीसारखी लव असलेल्या दोऱ्याने) किंवा एक पदरी बारीक गाठींनी करता येते. शेनील कापडातून सारखी ओढू नका, तिची लव झडते. ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, मोठ्या नेढ्याच्या सुईने किंवा वरून टाचून लावा.

दोरा ४० ते ४५ सेंटिमीटरच. पीळ नसलेलं रेशीम खरखरीत बोटांना अडकतं. साखर आणि थोडं तेल चोळून हात धुवा, साबणाने तेल पूर्ण काढून मगच चौकटीवर बसा.

नेपथ्य

नक्षी उतरवायला काय वापरायचं? छापा, कार्बन, की आपला खाका?

आरीवाली

खाकाच. त्या काळीही हेच करत. कागदावर नक्षी काढून रेषेवर जवळजवळ भोकं पाडायची, फिकट कापडावर कोळशाची बारीक पूड आणि गडद कापडावर खडूची पूड कापडी बोळ्याने चोळायची, मग ठिपके पातळ रंगाने जोडून पूड झटकायची. १८७० च्या दशकात मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीचे इस्त्रीने उतरणारे कागद आले आणि घरोघरच्या बायकांना तयार नक्षी मिळू लागली.

भोकं सरळ रेषेत मिलिमीटरभर अंतराने, वळणावर त्याहून जवळ. टोचताना कागदाखाली जाड लोकरी कापड. उलट्या बाजूला भोकाचा फुगवटा येतो, तो बारीक सँडपेपरने घासून काढा, नाहीतर पूड खाली उतरत नाही. आपल्याकडे आरीच्या वर्गांत रॉकेलमध्ये झिंक किंवा नीळ कालवून खाका मारतात. सुती आणि जाड कापडाला ते चालतं. फिकट सॅटिनवर रॉकेलची कडा राहू शकते, तिथे सुकी पूडच. मखमलीवर खाका टिकत नाही. पातळ टिश्यू कागदावर नक्षी काढून तो कच्च्या टाक्यांनी मखमलीवर लावा, कागदावरून भरा, शेवटी कागद फाडून घ्या. मखमल रिंगमध्ये कधी धरू नका. रिंगेचा वळ जात नाही.

आरीचा मुद्दा आलाच आहे तर: साखळी टाक्याची बारीक वेल हाताने सुईपेक्षा आरीने लवकर होते, आणि ती त्या काळाशी विसंगतही नाही. हाच आकडीचा टाका युरोपात अठराव्या शतकात पूर्वेकडून गेला आणि ढोलासारख्या गोल चौकटीवरून त्याला 'टँबूर' नाव पडलं. ब्लाउजच्या आरी कामात वापरता ती मोठी आरी इथे नको. सर्वांत बारीक आकडी, एक पदरी दोरा, आणि एका सेंटिमीटरात सहा-सात साखळ्या.

जुनी_पेटी

भारताचा दुवा निघाला म्हणून एक वेगळाच नमुना सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भारतात तयार होऊन इंग्रज बायकांच्या झग्यांसाठी गेलेली पांढरी मलमल. सोनेरी तारेच्या वेली, आणि पानांच्या जागी हिरव्या चकाकत्या भुंग्याच्या पाठीवरची कडक पंखकवचं. एकेक कवच दोन-तीन सेंटिमीटर लांब, एका टोकाला निमुळतं, म्हणजे पानाचा आकार निसर्गानेच दिलेला. मेणबत्तीच्या उजेडात पाऊल पडलं की पानं हिरव्यावरून निळ्यावर, निळ्यावरून तांबूस झाकेवर जातात. हा रंग रंगद्रव्याचा नाही, कवचाच्या अतिसूक्ष्म थरांतून प्रकाश परतताना तो दिसतो. म्हणून शेजारचं रेशीम विटलं तरी दीडशे वर्षांनी ही पानं हिरवीच असतात. १८८८ मध्ये लंडनच्या रंगमंचावर अभिनेत्री एलन टेरीने लेडी मॅकबेथसाठी घातलेला झगा याच कवचांचा, त्यावर ती साधारण हजार आहेत.

लावायची पद्धत: कवचं झाकणाखाली वाफेवर काही मिनिटं ठेवा, मऊ झाली की दोन्ही टोकांशी बारीक सुईने भोक पाडा. कोरडं कवच टोचलं की भोकापासून चीर जाते. भोक कडेपासून निदान दीड मिलिमीटर आत. दोरा घट्ट ओढू नका, कवच किंचित हलतं राहिलं तर टिकतं. बसायच्या जागी, म्हणजे मागच्या पन्ह्यात गुडघ्याच्या वर, लावूच नका.

बकुळफुले

एलन टेरीचा तो झगा भरलेला नाही ना? विणलेला आहे असं वाचलं होतं.

जुनी_पेटी

बरोबर. मूळ कापड क्रोशाचं आहे आणि कवचं त्यावर शिवलेली. मलमलीच्या झग्यांपेक्षा त्याची घडण वेगळी, हे वर लिहायला हवं होतं.

निळी_लड

रंगांबद्दल विचारायचंय. जुने नमुने सगळे फिके, पिवळट दिसतात. तसेच फिके दोरे घ्यायचे का?

सुईदोरा

अजिबात नाही. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये अठराव्या वर्षी कोळशाच्या डांबरातून जांभळा 'मॉव्ह' काढला, १८५९ मध्ये मॅजेंटा आला. त्यानंतरचे झगे डोळ्यांत भरतील इतके भडक होते. आज ते फिके दिसतात कारण उजेडाने रंग उडाले. उलट्या बाजूचं किंवा शिवणीच्या आतलं छायाचित्र मिळालं तर रंग तिथून घ्या. १८५६ च्या आधीचा झगा करत असाल तर मात्र भडक मॅजेंटा नको; मंजिष्ठ, कोशिनील (किड्यापासूनचा लाल) आणि निळीच्या छटांत राहा.

१८७० नंतरचा सौंदर्यवादी झगा असेल तर रंग मुद्दाम शांत. लंडनची रॉयल स्कूल ऑफ आर्ट नीडलवर्क ही संस्था १८७२ मध्ये याच ओढीने निघाली: भडक बर्लिन लोकर बाजूला ठेवायची, जुनं इंग्रजी क्रूएल काम (बारीक लोकरी दोऱ्याचं भरतकाम) परत आणायचं, आणि घरंदाज पण गरजू बायकांना काम द्यायचं. इंग्लंडमधल्या लीक गावचे टॉमस वॉर्डल भारतीय टसर रंगवत. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १८७९ मध्ये लीक एम्ब्रॉयडरी सोसायटी काढली. टसरवर आधी नक्षी छापायची आणि त्यावर रेशमाने भरायचं, ही त्यांची रीत. आपल्याला हे फार सोयीचं आहे. भंडारा-गडचिरोलीकडचं टसर त्या मधाळ रंगाच्या जवळ जातं, त्याला रंग देण्याचीही गरज नाही. नक्षी फिकट रंगात ठशाने छापा आणि कडा व शिरा तेवढ्या भरा. काम निम्म्यावर येतं.

नेपथ्य

नमुना फांदी भरली. चौकटीवर छान दिसली, काढल्यावर गुलाबाभोवती कापड गोळा झालं. इस्त्रीने जात नाही.

आरीवाली

तीनपैकी एक झालंय. मलमल आणि रेशीम वेगवेगळे ताणले गेले, तर गोळा सगळीकडे सारखा येतो आणि मलमल मागे ढिली लोंबते. टाका ओढून घेतला, तर सुरकुत्या पाकळीच्या टोकांपासून बाहेर किरणांसारख्या जातात. आणि भरण फार दाट झालं, तर फूल मध्ये वाटीसारखं उचलतं. कुठलं दिसतंय?

नेपथ्य

तिसरं. वाटीसारखं.

आरीवाली

मग दोन पदर वापरलेत. एक पदर घ्या, आणि दुसऱ्या ओळीत पहिल्या ओळीचा प्रत्येक टाका फोडू नका, एकाआड एक फोडा. भरलेलं उसवू नका, चिंधी म्हणून ठेवा. दोऱ्याचा हिशेब मात्र पुन्हा करा, निम्म्यापर्यंत खाली येईल.

सुईदोरा

आणि कापायची घाई नको. त्या काळीही घेर आणि बॉडिसचे भाग कापडावर फक्त आखत, भरून झाल्यावर कापत. आधी कापून भरलं तर भाग आत ओढला जाऊन आठ-दहा मिलिमीटर लहान होतो, आणि मग बॉडिसची मागची बटणं लागत नाहीत. भरून झालं की चौकटीवरच एक रात्र राहू द्या. काढल्यावर जाड टॉवेलवर उपडं घालून मागून, ओलसर कापडातून इस्त्री टेकवा, फिरवू नका. मग भाग पुन्हा मोजा, कागदी बेतणी पुन्हा ठेवा आणि मगच कात्री लावा.

शिवणीवरचं पान सगळ्यात शेवटी. पन्हे जोडून शिवण दोन्हीकडे दाबून घ्या, दोन फांद्यांच्या मधल्या जागेत एक नेच्याचं पान असं आखा की त्याचा देठ शिवणीच्या डावीकडे सुरू होईल आणि टोक उजवीकडे जाईल. ते जोडलेल्या कापडावर हातात धरूनच भरायचं, मागे मलमलीचा लहान तुकडा लावून. चार पन्ह्यांना चार पानं. पुढच्या मध्यावर शिवण येत असेल तर तिथे पान नको, तिथे फांद्यांची तोंडं एकमेकींपासून दूर जातात आणि पान आलं की मध्य हललेला दिसतो.